‘यंदा नाताळ करायचा की नाही?’

मेंदूला मार लागलेल्या माणसांच्या कुटुंबांबरोबर मी काम करते. नोव्हेंबर संपत आला की माझ्याकडे ठरावीक फोन सुरू होतात. घरं वेगळी, आवाज वेगळे, प्रश्न तोच: “मॅडम, यंदा नाताळ करायचा की नाही?” विचारणारी बहुतेकदा आई असते. मुलगा किंवा मुलगी पंचविशी-तिशीतली. काही वर्षांपूर्वी गाडीचा अपघात झालेला, नाहीतर जिन्यावरून पडून डोक्याला मार लागलेला. जीव वाचला. आता चालतो, बोलतो, स्वतःच्या हाताने जेवतो. भेटायला येणारा म्हणतो, “छान आहे की!” आणि घरच्यांना माहीत असतं, की हा छान दिसणारा मुलगा अर्ध्या तासात थकेल, तीच गोष्ट पाचव्यांदा सांगेल, आत्याला तोंडावर ‘जाड झालीस’ म्हणेल आणि कुणी अडवलं तर घर डोक्यावर घेईल.

इतर दिवस कसेबसे निघतात. नाताळ निघत नाही, कारण सगळ्या सणांमध्ये ‘दरवर्षीसारखं’ या शब्दाला सर्वांत जास्त मान याच सणाला असतो. तेच झाड, तीच गाणी, तीच माणसं. एकच माणूस तसा राहिलेला नसतो.

एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे. थोरला एकोणतीस वर्षांचा, अपघाताच्या वेळी बाविशीतला. धाकटी तेव्हा शाळेत होती, आता नोकरीसाठी बाहेर राहते.

पहिल्यांदा आई-बाबा दोघंच आले. आईने प्रस्तावना केलीच नाही.

“गेल्या नाताळला त्याने गिटार झाडावर फेकली. सगळ्यांच्या देखत. झाड आडवं झालं, दिवे फुटले. नणंद मुलांना घेऊन तडक निघून गेली. आता ठरवलंय, कुणाला बोलवायचंच नाही. तर धाकटी म्हणते, मग मीही येत नाही.”

“गिटार फेकायच्या आधी काय झालं होतं?”

“काहीच नाही. सगळं मजेत चाललं होतं. डॉक्टरांनी सांगितलंय ना, मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, राग आवरत नाही म्हणून.”

डॉक्टरांनी सांगितलेलं खरंच होतं. कपाळामागचा मेंदूचा भाग आपल्या वागण्याला लगाम घालतो. मनात आलेलं बोलायचं की गिळायचं, कधी थांबायचं, कामाला सुरुवात कशी करायची, हे सगळं तिथून चालतं. तिथे मार बसला की राग सुटतो तो सुटतोच. पण ‘काहीच झालं नव्हतं’ हे वाक्य ऐकलं की मी वहीत एक खूण करून ठेवते. काहीतरी झालेलं असतं. ते घरातल्यांना दिसत नाही, कारण ते त्यांच्या प्रेमाचाच भाग असतं.

बाबा कमी बोलायचे. दुसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, “तो रेल्वेवाला माणूस, ज्याच्या डोक्यातून लोखंडी सळई गेली होती... वाचलं मी. ‘तो आता तो राहिला नाही’ असं त्याचे मित्र म्हणाले होते. म्हणजे हे असंच राहणार?”

फिनियस गेज. १८४८ मध्ये अमेरिकेत रुळांच्या कामावर सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सळई गालाखालून शिरून कवटीतून वर निघाली. तो वाचला, पण स्वभाव बदलला, तिरसट झाला. ही गोष्ट सगळे इथेच संपवतात. मी बाबांना पुढची सांगितली. काही वर्षांनी गेज चिलीत गेला आणि तिथे बरीच वर्षं घोडागाडी हाकत होता. लांबचा रस्ता, प्रवासी, घोड्यांची निगा. पहिल्यासारखा तो झाला होता असं कुणी म्हणत नाही, पण काही अभ्यासकांना वाटतं, की रोजचं ठरलेलं काम आणि ठरलेला क्रम यांनी त्याला बरंच सावरलं असावं. बाबांनी ते टिपून घेतलं. त्या टिपणाचा उपयोग पुढे झाला.

तिसऱ्या वेळी मी चौघांना बोलावलं. आईचा आग्रह होता, त्याला नको आणायला, त्रास होईल. मी म्हटलं, “एकोणतीस वर्षांच्या माणसाच्या घरातला नाताळ ठरतोय. तो नसला तर कसं चालेल?”

तो आला, खिडकीजवळची खुर्ची त्याने स्वतः निवडली. मी विचारलं, “नाताळात तुला काय आवडत नाही?”

आई म्हणाली, “त्याला गर्दी...” मी हात वर केला. ती थांबली. तो गप्प. धाकटीने मोबाइल उचलून परत ठेवला. बाबांनी घसा खाकरला. मेंदूला मार लागलेल्या माणसाला प्रश्न आत पोचायला आणि उत्तर बाहेर यायला वेळ लागतो. घरात तेवढा वेळ कुणी देत नाही, दुसरं कुणीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. मग त्याला वाटतं आपल्याला विचारलंच नाही, आणि घरच्यांना वाटतं त्याला सांगताच येत नाही. माझ्या कामातलं कौशल्य म्हणायचं तर ते एवढंच, की मला शांतता सोसते.

“ओळखलंस का, विचारतात,” तो म्हणाला. “सगळे. येऊन वाकतात. ओळखलंस का मला? मी ओळखतो. नाव पटकन येत नाही. मग हसतात.”

पुन्हा मोठी शांतता.

“आणि गिटार देतात.”

आई म्हणाली, “अरे, तुला आवडते म्हणून...”

त्याने डावा हात वर धरला. अंगठा आणि पहिलं बोट ठीक होतं. उरलेली तीन बोटं वाकत होती, पण एकामागून एक, सावकाश. “कॉर्ड लागत नाही,” तो म्हणाला. “तुला माहीत आहे. तरी दिलीस.”

अपघाताआधी घरातली नाताळची गाणी हाच वाजवायचा. त्यानंतरच्या प्रत्येक नाताळला कुणीतरी, बहुधा आईच, गिटार त्याच्या मांडीवर आणून ठेवत होती. बोटांना सवय आठवेल, गाणं सुरू झालं की जमेल, ही आशा. सगळे गोल करून बसायचे, टाळ्या वाजवायचे, आणि तो त्या गोलाच्या मधोमध न लागणाऱ्या कॉर्डवर बोटं ठेवून बसायचा. गेल्या वर्षी त्याने ती फेकली.

मी आईला म्हटलं, “राग आवरला नाही, तो मेंदूच्या मारामुळे. पण राग आला तो मारामुळे नाही आला. तुम्हाला-मला कुणी वीस माणसांसमोर दरवर्षी तीच न येणारी गोष्ट करायला बसवलं, तर आपल्यालाही येईल. आपण गिळू. त्याला गिळता येत नाही, एवढाच फरक.”

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला एखादी गोष्ट पुरती कळली असेल तर ती ही. ‘वर्तनाची समस्या’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रसंगांच्या मागे एखाद्या प्रौढ माणसाचं अगदी समजण्यासारखं कारण असतं. कुर्ट गोल्डस्टीन या जर्मन डॉक्टरांनी पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांमध्ये हेच पाहिलं होतं. आवाक्यातलं काम दिलं की माणूस शांत आणि नीटनेटका असतो. आवाक्याबाहेरचं दिलं की एका क्षणात पूर्ण कोसळतो, थरथरतो, चिडतो. बाहेरून तो संताप दिसतो, आत मात्र प्रचंड घबराट असते. सगळा दोष इजेवर टाकणं सोयीचं असतं, कारण मग दुसऱ्या कुणाला काही बदलावं लागत नाही.

आई रडत होती. “मग त्या गिटारचं मी काय करू?”

“विकून टाक,” तो म्हणाला.

धाकटी फस्सकन हसली, मग बाबा, मग तो स्वतः. आईला हसू आलं नाही, पण रडणं थांबलं. (गिटार विकली नाही. धाकटीने आपल्या खोलीवर नेली. दिवाणखान्याच्या भिंतीवरून ती उतरली, मला तेवढंच हवं होतं.)

आईसोबत त्यानंतर मी वेगळी बसले. पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एका दुःखाची मांडणी केली. ज्या दुःखाला शेवट नाही, अंत्यविधी नाही, कुणी सांत्वनाला येत नाही, असं दुःख. त्याचा दुसरा प्रकार या आयांचा: माणूस समोर बसलेला आहे, आणि तरी गेलेला आहे. मी याच विचाराच्या बाजूची आहे. ‘स्वीकारा, पुढे चला’ असं मी कुणाला सांगत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. बाविशीतला तो मुलगा गेला, त्याच्यासाठी रडायला हवं. आणि एकोणतीस वर्षांचा एक माणूस घरात आहे, त्याच्याशी ओळख करून घ्यायला हवी. फक्त पहिलं काम दुसऱ्याच्या डोळ्यांसमोर करू नये. तिला सुचवलं, नाताळच्या दोन-तीन दिवस आधी एक दुपार मोकळी ठेवा, तो घरात नसताना. जुने व्हिडिओ काढा, गाणी ऐका, हवं तेवढं रडा. बाबांनाही सोबत घ्या. ते दोघं बसले. लग्न झाल्यापासून नवऱ्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं, असं तिने मला नंतर सांगितलं.

मग नाताळाची आखणी. ‘तुला काय करायचंय?’ हा प्रश्न त्याला जड जात होता, म्हणून मी दोन-दोन पर्याय पुढे ठेवत गेले. दारात उभं राहायचं की आत? आत नको. एकेक माणूस भेटलेला चालेल की सगळे एकदम? एकेक. तेवढ्यात तो आपणहून म्हणाला, “गाड्या मी लावून घेतो.” घरासमोर कुंपणाच्या आत मोकळी जागा होती. येणाऱ्याला गाडी कुठे उभी करायची ते दाखवायचं. बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गेज आठवला असावा.

यापेक्षा चांगली योजना मलाही सुचली नसती. ठरलेलं काम, मोकळी हवा, गोंगाट नाही, एका वेळी एकच माणूस, आणि त्या माणसाला त्याचं ऐकावं लागतं. एका काकांना त्याने गाडी तीनदा पुढे-मागे करायला लावली. कुठल्यातरी कल्पनेला चिकटून बसणं हाही या इजेचाच भाग. काकांनी मुकाट्याने केली, कारण आदल्या आठवड्यात नातेवाइकांना धाकटीने निरोप पाठवला होता: ‘दादाला ओळखलंस का विचारू नका. आपलं नाव सांगा आणि बोलायला लागा. त्याने उत्तर द्यायला वेळ घेतला तर थांबा. जुने दिवस आठवून देऊ नका. लहान मुलांच्या भेटवस्तू आणू नका.’ शेवटचं वाक्य त्याचं होतं. आदल्या वर्षी कुणीतरी त्याला रंगवायचं पुस्तक दिलं होतं.

असा निरोप पाठवायला आया संकोचतात, लोक काय म्हणतील म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. लोकांना काय करायचं ते कळत नसतं, सांगितलं की हायसं वाटतं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण मी प्रत्येक घराला बजावून सांगते. थकवा हा या इजेतला सर्वांत न दिसणारा शत्रू, म्हणून पाहुण्यांची येण्याची वेळ सांगता तशी जाण्याचीही सांगा. दोन तास पुष्कळ झाले. त्याआधी दुपारची झोप हवीच. गाणी चालू असतील तर टीव्ही बंद. झाडावरचे दिवे लुकलुकणारे नकोत, स्थिर ठेवा. एक खोली रिकामी ठेवा, आणि तो उठून तिकडे गेला तर ‘काय झालं?’ म्हणत कुणी मागे जायचं नाही. ज्यांना फिट येतात त्यांच्या बाबतीत औषधाची वेळ आणि झोप या दोन गोष्टींत सणाची सूट नसते. जागरणाने आणि चुकलेल्या गोळीने फिट येऊ शकते. मध्यरात्रीच्या उपासनेऐवजी २५ तारखेच्या सकाळची निवडली तर देवाची हरकत नसावी. आणि ‘आज एवढं चालतं’ म्हणत ग्लास पुढे करणारा चुलतभाऊ प्रत्येक घरात असतो. त्याला आधीच बाजूला घ्या. डोक्याला मार लागलेल्यांना थोडीशी दारूही पटकन चढते, आणि फिटचा धोका वाढतो तो वेगळाच.

धाकटीचं राहिलं. ती एकदा मला म्हणाली, “मी घरी आले की आई म्हणते, बरं झालं आलीस, जरा दादाकडे बघ. माझा नाताळ कधी असतो?” भावंडांचा हा राग रास्त असतो आणि त्याला अपराधीपणाचं पांघरूण असतं. या घरात ठरलं, की २४ च्या संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर जाणार आणि कुणी फोन करणार नाही.

एक इशारा मात्र आधीच देऊन ठेवते. सगळी भावंडं एकत्र जमली, पाहुणे गेले, भांडी विसळून झाली की कुणीतरी तो विषय काढतं: आमच्यानंतर याचं कोण? विषय टाळण्यासारखा नाही, पण ती रात्र त्याची नाही. सगळे दमलेले असतात, शब्द वाकडे जातात, आणि तो भिंतीपलीकडून ऐकत असतो. या आईने तो काढलाच होता. बाबांनी कॅलेंडर काढून जानेवारीतल्या एका रविवारवर खूण केली. राहण्याचं, पैशांचं, कायदेशीर पालकत्वाची गरज आहे की नाही याचं, सगळं त्या दिवशी एका वकिलाला सोबत घेऊन बोलायचं ठरलं. थोरल्याने विचारलं, मीही बसू ना? तेव्हा खाली त्याचंही नाव लिहिलं.