मिशनकार्याला आधार देताना चर्चला औपचारिक संघटनेचा काय फायदा होतो?

माझ्या मते सर्वांत मोठा फायदा सातत्याचा आहे. दूरच्या प्रदेशात गेलेल्या मिशनरीला तेथील भाषा शिकण्यातच काही वर्षे जातात, आणि तेवढ्या काळात त्याला पाठवणाऱ्या मंडळीचा (स्थानिक चर्चचा) पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलू शकतो किंवा वर्गणीही आटू शकते. जबाबदार समिती आणि ठरलेले अंदाजपत्रक असेल, तर काम कोणा एकाच्या उत्साहावर अवलंबून राहत नाही. १७९२ मध्ये इंग्लंडमधील केटरिंग येथे बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हा नोंदवलेली पहिली वर्गणी १३ पौंडांहून किंचितच अधिक होती. तरीही पुढच्याच वर्षी तिने पाठवलेले मिशनरी विल्यम कॅरी बंगालला पोहोचले आणि सचिव अँड्र्यू फुलर १८१५ मध्ये निधन होईपर्यंत मंडळ्यांमध्ये फिरून निधी जमवत राहिले.

दुसरा फायदा लहान मंडळ्यांचा. एकट्याने मिशनरी पाठवणे ज्यांना परवडत नाही, त्यांची अल्प देणगीही सामायिक निधीत उपयोगी पडते. अमेरिकेतील सदर्न बाप्टिस्ट मंडळ्यांनी १९२५ मध्ये असा सामायिक निधी सुरू केला. त्यापूर्वी प्रत्येक संस्था मंडळ्यांकडे स्वतंत्रपणे मदत मागत असे. हिशेबतपासणीमुळे देणगीदारांचा विश्वास टिकतो, हे वेगळे सांगायला नको.

मात्र संघटना असली म्हणजे वाद टळतात असे नाही. मालमत्ता आणि अधिकार यांवरून बंगालमधील श्रीरामपूरचे (सेरामपूरचे) मिशनरी १८२७ मध्ये बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीपासून वेगळे झाले होते. म्हणून मिशनक्षेत्रातील मालमत्ता कोणाच्या नावावर राहील आणि कोणते निर्णय तेथील लोक घेतील, हे संघटनेच्या घटनेतच लिहून ठेवावे.