अमेरिकेत लोक सबवेला इतकी नावं का ठेवतात?

तुम्ही विचारलंय की एमएससाठी अमेरिकेला निघालात, पुण्यात मॉलमधलं सबवे हे सँडविचचं दुकान तुमच्या मित्रमंडळींना चांगलं, जरा महागातलं वाटतं, पण तिकडचे सीनियर म्हणतात की 'आता तिथे कोण जातं!' एकाच दुकानाबद्दल दोन टोकांची मतं कशी, आणि तुमच्यासारख्या शाकाहारी माणसाने तिथे खावं की नाही?

मीही शाकाहारी आहे. इकडे शिकायला आलो तेव्हापासून आजतागायत सबवेत जातोय, आणि आजूबाजूच्या लोकांचं त्याबद्दलचं बोलणं बदलताना ऐकलंय. माझं मत आधीच सांगून टाकतो. सँडविच फारसं बिघडलेलं नाही. आधी दुकानदाराचं गणित बिघडलं, मग भाव बिघडला, आणि लोकांचं मत त्यामागोमाग फिरलं.

सबवे सुरू झालं १९६५ मध्ये, कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टला. फ्रेड डेलुका हा १७ वर्षांचा मुलगा, कॉलेजच्या फीसाठी पैसे हवे होते. घरच्यांच्या ओळखीतले पीटर बक हे अणुभौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १००० डॉलर दिले आणि भागीदारी झाली. १९७४ पासून फ्रँचायझी देणं, म्हणजे कंपनीच्या नावाने दुसऱ्याला दुकान चालवू देणं, सुरू झालं आणि तिथून जी दुकानं वाढली ती वाढतच गेली. कारण साधं होतं. बर्गरच्या दुकानाला तळणी लागते, धूर खेचणारी यंत्रणा लागते, जागा मोठी लागते. सबवेला एक ओव्हन, एक फ्रीज आणि एक लांब काउंटर पुरतो. त्यामुळे पेट्रोलपंप, हॉस्पिटल, वॉलमार्टचा कोपरा, जिथे गाळा मिळेल तिथे सबवे उघडलं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांच्या संख्येत त्यांनी मॅकडोनाल्ड्सला मागे टाकलं आणि २०१० संपता संपता जगातही.

लोकांना ते मनापासून आवडायचं, हे आजच्या टीकेत विसरलं जातं. बर्गर आणि फ्राइजच्या जमान्यात काचेपलीकडे कापलेले टोमॅटो, काकडी, पालक, सिमला मिरची दिसायची आणि 'हे घाला, ते नको' असं बोट दाखवून सांगता यायचं. सबवे खाऊन वजन उतरवलेल्या जॅरेड फोगलच्या जाहिराती २००० पासून टीव्हीवर होत्या. फास्ट फूड खायचं पण शरीराला जपायचं, अशा माणसाची ती हक्काची जागा होती.

आमच्यासारख्या विद्यार्थ्यांसाठी तर ती त्याहून मोठी सोय होती. मिडवेस्टमध्ये हायवेवर तासन्तास मक्याची शेतं सोडून काही दिसत नाही, आणि एक्झिट घेतला की पेट्रोलपंपाला चिकटून सबवेची पिवळी-हिरवी पाटी. बाकी सगळीकडे मांस, इथे मात्र व्हेजी पॅटी. पाव उभा चिरायचा, त्यावर चीजचे त्रिकोण एकाआड एक उलटसुलट मांडायचे, पॅटी ठेवून ओव्हनमध्ये सरकवायचं, मग भाज्या, हालापिन्यो, वर चिपोत्ले सॉसच्या दोन नागमोडी रेघा. शेवटी कागदात घट्ट गुंडाळून मधोमध काप. अर्धं जेवणाला, अर्धं रात्रीला. मुंबईच्या सँडविचवाल्याला 'चटणी जास्त' सांगत वाढलेल्या माणसाला हे समोर उभं राहून करवून घेणं फार ओळखीचं वाटतं.

मग आला पाच डॉलरचा फूटलाँग. मायामीत स्टुअर्ट फ्रँकेल नावाचे फ्रँचायझी मालक होते. शनिवार-रविवारी दुकानं ओस पडायची, म्हणून त्यांनी त्या दोन दिवसांपुरता फूटलाँगचा भाव सरळ पाच डॉलर केला. दारात रांगा लागल्या. २००८ मध्ये कंपनीने ही योजना देशभर नेली, आणि त्याच वर्षी मंदी आली. नोकऱ्या जात असताना पाच डॉलरच्या एका नोटेत फूटभर सँडविच ही फार मोठी गोष्ट होती. तेव्हापासून 'फूटलाँग म्हणजे पाच डॉलर' हे अमेरिकन माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढची सगळी नाराजी समजून घ्यायची तर हा आकडा लक्षात ठेवा.

आता काउंटरच्या पलीकडे या. सबवेची अमेरिकेतली दुकानं फ्रँचायझीवाल्यांची असतात आणि त्यांत भारतीय, विशेषतः गुजराती, कुटुंबं पुष्कळ आहेत. नवरा पाव भाजतोय, बायको गल्ल्यावर, असं दृश्य तुम्हालाही दिसेल. या मालकाने विक्रीच्या ८ टक्के रॉयल्टी आणि ४.५ टक्के जाहिरात निधी कंपनीला द्यायचा असतो. नीट वाचा, विक्रीच्या, नफ्याच्या नाही. पाच डॉलरच्या सँडविचमागे साधारण ६२ सेंट आधीच गेले. उरलेल्यात पाव, चीज, मांस, भाज्या, पगार, भाडं, वीज. सूट दिल्याने विक्री वाढली तर कंपनीचा वाटा वाढतोच, मालकाच्या हातात काही उरलं की नाही हा प्रश्न वेगळा. २०१७-१८ मध्ये कंपनीने ४.९९ चा फूटलाँग परत आणायचं ठरवलं तेव्हा अनेक मालकांनी उघड विरोध केला तो यामुळेच.

त्यात दुसरी गोम अशी की मालकाला स्वतःचा राखीव इलाका मिळत नसे. चार चौक सोडून नवीन सबवे उघडलं की कंपनीचा आकडा वाढायचा आणि जुन्या दुकानाचं गिऱ्हाईक वाटलं जायचं. गल्ला आटला की मालक काय करणार? माणसं कमी करणार. मग रात्री एकच पोरगं पाव भाजतंय, सँडविच बनवतंय, पैसे घेतंय आणि मधूनच ऑनलाइन ऑर्डरीही बांधतंय. टोमॅटो दुपारचे, फरशी ओली, रांग हलत नाही. गिऱ्हाइकाला दिसतं ते एवढंच, आणि तो घरी जाऊन म्हणतो की सबवे पूर्वीसारखं राहिलं नाही. मला या सगळ्यात त्या पोराची आणि मालकाची बाजू फार कमी वेळा मांडलेली दिसते, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

२०१५ मध्ये अमेरिकेत २७,००० हून जास्त दुकानं होती. २०१६ मध्ये पहिल्यांदाच उघडलेल्यांपेक्षा बंद झालेली जास्त भरली. एकट्या २०१८ मध्ये संख्या हजारापेक्षा जास्तने घटली. २०२३ च्या शेवटी ती सुमारे २०,००० वर आली.

याच काळात आरोपांची माळ लागली. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गिऱ्हाइकाने फूटलाँगशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो टाकला, लांबी ११ इंच. अमेरिकेत खटले झाले. त्यात निघालं असं की कणकेचा गोळा सगळ्यांना सारख्याच वजनाचा, भाजताना कमीजास्त फुगतो एवढंच. २०१४ मध्ये पावातल्या ॲझोडायकार्बोनमाइडवरून गदारोळ झाला, कारण तेच रसायन योगा मॅटमध्येही वापरतात. ते तेव्हा इतरांच्या पावातही असायचं आणि कायद्याने चालायचं, पण सबवेने ते काढून टाकलं. २०२० मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की या पावात पिठाच्या १० टक्के साखर आहे आणि करसवलतीच्या पावाला मर्यादा २ टक्के, म्हणून सवलत नाही. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात सबवेचा ट्यूना मासा खरा ट्यूना नाही असा दावा झाला, तो २०२३ मध्ये बंद झाला. फोगलचं प्रकरण मात्र या सगळ्यांपेक्षा फार गंभीर. मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित गुन्हे त्याने २०१५ मध्ये कबूल केले आणि त्याला १५ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. सँडविचचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण पंधरा वर्षं ज्याचा चेहरा बघून लोक दुकानात शिरले तो चेहरा असा निघाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डेलुकाही वारले.

साखरेचा मुद्दा सोडला तर खाण्याबद्दलच्या यातल्या एकाही आरोपात मला फार दम वाटत नाही. तरी ते चिकटले, कारण तोवर लोकांसमोर तुलनेला दुसरी दुकानं आली होती. १९५६ साली न्यू जर्सीतल्या पॉइंट प्लेझंटला सुरू झालेलं जर्सी माइक्स बघा. तिथे मांस आणि चीज ऑर्डर दिल्यावर तुमच्यासमोर यंत्रावर कापतात. सबवेत मात्र वर्षानुवर्षं मांस आधीच कापलेलं, पाकिटबंद यायचं. 'ताजं' हा शब्द सबवेने पाटीवर लिहिला, पण तो करून दाखवला दुसऱ्यांनी. सबवेने अमेरिकेतल्या दुकानांत कापणीयंत्रं आणली ती २०२३ मध्ये. जर्सी माइक्सच्या एका दुकानाची सरासरी वार्षिक विक्री दहा लाख डॉलरच्या वर आहे, सबवेची पाच लाखांच्या आतबाहेर. सबवेची सगळ्यात मोठी चूक कुठली असं विचाराल तर मी ही उशिरा आलेली यंत्रं सांगेन.

राहिला भाव. आज अनेक ठिकाणी फूटलाँग दहा डॉलरच्या पुढे गेलाय, आणि अमेरिकन माणूस पाटी वाचतो तेव्हा त्याच्या मनात अजून पाचचाच आकडा असतो. २०२४ मध्ये त्यांनी काही दिवस ६.९९ ला फूटलाँग दिला. महागाई धरली तर २००८ चे पाच डॉलर म्हणजे २०२४ चे सव्वासातच्या आसपास, म्हणजे ही योजना जुन्या पाचपेक्षाही स्वस्त होती. तरीही 'लुटतात' ही भावना गेली नाही. त्यातून आता बरीच गिऱ्हाइकं कूपन असेल तरच जातात. पूर्ण भाव देणारा माणूस स्वतःला फसलेला समजतो, ही कुठल्याही दुकानासाठी वाईट अवस्था आहे. २०२४ मध्येच संस्थापकांच्या कुटुंबांकडून कंपनी रोर्क कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेली. नव्या मालकांनी आधी या भावाचा घोळ निस्तरावा असं मला फार वाटतं.

भारतात हे काहीच घडलं नाही. २००१ मध्ये दिल्लीत पहिलं दुकान उघडलं ते मॉलसंस्कृतीतलं म्हणून, पाच डॉलरची सवय कुणाला नव्हती. शिवाय भारतात त्यांनी शाकाहाराचा नीट विचार केला. आलू पॅटी, पनीर टिक्का, शाकाहारी-मांसाहारी वेगळी मांडणी, पंजाब आणि अहमदाबादमध्ये तर पूर्ण शाकाहारी शाखासुद्धा. त्यामुळे तुमच्या मित्रांचं मत आणि सीनियर्सचं मत, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

तर तुम्ही काय करावं? पनीर टिक्का अमेरिकेत मिळेल ही आशा धरू नका. व्हेजी डिलाइट सगळीकडे असतं, पण ते म्हणजे पावात भाज्या, त्याने पोट भरत नाही. व्हेजी पॅटी आहे का ते आधी विचारा, प्रत्येक दुकानात ठेवतातच असं नाही. हातमोजे बदलायला आणि सुरी पुसून घ्यायला सांगा, बहुतेक जण लगेच करतात, त्यात संकोच कसला. ॲप घ्या आणि कूपनशिवाय फूटलाँग घेऊ नका. जमलं तर दुपारी गर्दीच्या वेळी जा, तेव्हा पाव ताजा असतो आणि काउंटरवर माणसं जास्त असतात.