‘आहे, तर नाही कसं म्हणू?’

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात समुपदेशन करताना सधन घरातले आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. "मॅडम, देवाच्या दयेनं आमच्याजवळ आहे. पोट्टं एकुलतं एक. मंग त्याले नाही कसं म्हणू? अन् नाही म्हटलं, अन् त्यानं काही करून घेतलं तं?"

शेवटचं वाक्य नेहमी आवाज खाली करून येतं. आपल्या भागात ही भीती कुठून येते ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती मी कधीच उडवून लावत नाही.

एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. पंधराशे झाडांचा संत्र्याचा बगीचा, तीस एकर कपाशी, तालुक्याला कृषी केंद्र. मुलगा दहावीत, वय पंधरा. सालदारापासून (सालाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) दुकानातल्या पोरापर्यंत सगळे त्याला ‘छोटे मालक’ म्हणत. वडिलांनी स्वतःची शाळा दोन पॅन्टींवर काढलेली. आपले हाल झाले ते पोराचे होऊ नयेत, या हट्टापायी चौदाव्या वाढदिवसाला दारात बुलेट आली.

दसऱ्यानंतर ते माझ्याकडे आले. मुलानं गाडी पुसली नाही म्हणून सालदाराला ढकललं होतं. पन्नाशीचा माणूस, ज्यानं याला खांद्यावर बसवून तान्हा पोळा दाखवला तोच. पडताना त्याचं मनगट मोडलं. वडिलांनी प्लास्टर करून दिलं, वर पाच हजार दिले आणि प्रकरण मिटवलं. रात्री आईनं बुलेटची चावी काढून घेतली, तेव्हा मुलगा म्हणाला, "चावी दे, नाही तं मी फवारणीचं औषध पितो." आईनं चावी दिली. "माह्या हाताले कापरं भरलं होतं मॅडम," हे सांगतानाही त्या पदराचं टोक पिळत होत्या.

मुलाला मी एकट्याला भेटले. सरळ विचारलं: मरून जावंसं वाटतं का? कधीपासून? काही ठरवलं होतं का? असं विचारलं की पोराच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात असतं त्याला बोलायला वाट मिळते. तो बराच वेळ खाली पाहत राहिला. मग म्हणाला, "नाही मॅडम. मांगच्या वर्षी एकडाव म्हटलं होतं, तं फोन भेटला."

मला ते खरं वाटलं. तरी त्याच दिवशी घरातली आणि वावरातल्या खोलीतली सगळी औषधं कुलपात ठेवायला लावली. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आईच्या फोनमध्ये टाकून दिला. तो फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पुढच्या प्रत्येक भेटीत तोच प्रश्न मुलाला पुन्हा विचारला. एवढं केल्याशिवाय ‘आता नाही म्हणा’ असं मी कोणत्याच आईला सांगत नाही, आणि कोणी सांगूही नये.

उठता उठता मुलगा सालदाराबद्दल एक वाक्य बोलला. "बाबांनी पैसे काढले अन् देले. मले काकांच्या घरी कोणी नेलंच नाही."

मी त्या वाक्याशीच थांबले. फोन, गाडी, कपडे यांनी पोरं बिघडतात असं आपण धरून चालतो. माझा अनुभव असा की पोरानं केलेलं दर वेळी दुसऱ्या कोणीतरी निस्तरलं की तो खरा बिघडतो. इथे पाच हजारांत त्याचा अपराधही वडिलांनी विकत घेतला होता. त्याच्या हाती काही उरलंच नाही, ना चूक, ना ती दुरुस्त करायची संधी.

बुलेटचा विषय लवकर संपला. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. "गावातच चालवते," म्हणणारे वडील हे ऐकून गप्प झाले. गाडी दुकानाच्या गोदामात गेली.

मग त्यांनी दुसरं टोक गाठलं. "चार दिवस मजुराईसंग राबू द्या त्याले, म्हणजे समजन." मी त्यांना थांबवलं. मजुरी ही शिक्षा म्हणून दिली, तर जी माणसं रोज तेच काम करून पोट भरतात ती या मुलाच्या नजरेत आणखी खाली जातील. कामानं पोरं घडतात, हे खरंच. पण ते काम त्याच्या चुकीतून आलेलं हवं. सालदाराचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्या हाताचं संध्याकाळचं काम, म्हणजे बैलांचं चारापाणी, हात बरा होईपर्यंत या मुलानं करायचं. सालदाराचा पगार चालू राहील. आधी सालदाराला विचारायचं, हे पोरगं दारात आलेलं चालेल का. ते हो म्हणाले तरच जायचं, पायी, वडिलांसोबत.

ते हो म्हणाले. मुलाला माफीचा शब्द काही जमला नाही. उंबऱ्याशी उभा राहून त्यानं विचारलं, "काका, लय दुखते का?" काकूंनी कोरा चहा दिला, तो त्यानं पिऊन टाकला. एरवी कपाकडे पाहिलंही नसतं, असं आईचं म्हणणं.

पहिल्या दिवशी त्यानं दाव्याची गाठ चुकीची मारली आणि बैल सुटून कपाशीत शिरला. तिसऱ्या दिवसापासून सालदार स्वतःच गोठ्यात येऊन बसू लागले. मुलाच्या काळजीपेक्षा बैलांच्या काळजीनं, असं ते उघड म्हणत. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून एका हातानं गाठ दाखवायचे: "असं वढ. आता खालून घे. डाव्या अंगानं जा, हा बैल उजव्यानं लाथ मारते." सगळ्यांनी मुलाला नावानं हाक मारायची असंही ठरलं होतं. सालदारांच्या तोंडी नाव येईना. शेवटी ते ‘बापू’ म्हणू लागले आणि तेच टिकलं.

डिसेंबरात वडील एकटेच आले. बगीच्याला ताण दिला होता, त्याचं बोलता बोलता मध्येच थांबले. "मॅडम, झाडाचं पाणी तोडलं नाही तं आंबिया बहार फुटत नाही, नुसती पालवी येते. पंधराशे झाडाईले मी बिनघोर ताण देतो. पोराले काहून नाही देऊ शकलो?"

भाऊ, मी म्हटलं, हलक्या जमिनीला किती दिवस ताण द्यायचा आणि भारी काळ्या जमिनीला किती, हे तुम्ही पाहता ना? ताण लांबला तर फांद्या वाळतात. हे मुद्दाम बोलले, कारण राग आला की ते मुलाला "हे सगळं माह्या कमाईचं आहे" असं ऐकवू लागले होते. मग मी त्यांना वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांची हकिकत सांगितली. दत्तक घरात आजोबांनी पैशावरून बोल लावला, तेव्हा सतरा वर्षांच्या त्या मुलानं संपत्तीवरचा हक्क सोडत असल्याचं पत्र लिहून घर सोडलं होतं. भाऊंनी ते टोमणे त्यानंतर बरेच आवरले.

आजीचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. महिन्याला हजार रुपये खर्चाला मिळणार, जमाखर्च वहीत लिहायचा, संपले तर पुढच्या एक तारखेपर्यंत थांबायचं, असा नियम होता. आजी बटव्यातून गुपचूप नोटा काढून द्यायच्या. मी त्यांना दोनदा समजावलं, दोनदा त्यांनी मान डोलावली.

मागच्या महिन्यात गुडघ्याच्या डॉक्टरकडे आल्या होत्या, तिथून माझ्याकडेही डोकावल्या. "बाई, खोटं कायले बोलू, मी अजून देतो त्याले कधी कधी शंभर. पण आता तो वहीत लिहिते, ‘आजीकडून शंभर’. अन् ते वही त्याचा बाप पाहते." थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "आता मलेच देताना विचार करा लागते."