नवरा नौदलाच्या जहाजावर एडनच्या आखातात गस्तीला आहे. पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवू?

परदेशी बंदराचा पत्ता शोधत बसू नका. पाकिटावर हुद्दा, नाव, पर्सनल नंबर (नौदलातला सेवा क्रमांक, फोन नंबर नव्हे), जहाजाचं नाव आणि खाली ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ४००००१’ (म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय) एवढंच लिहा. (जहाज विशाखापट्टणमचं असेल तर तिथलं फ्लीट मेल ऑफिस.) पुढचं नौदल बघतं.

भर समुद्रात टपाल मिळत नाही. सहसा जहाज बंदराला लागल्यावर साठलेली पत्रं एकगठ्ठा हाती पडतात, तीही उलटसुलट. म्हणून प्रत्येक पत्रावर क्रमांक आणि तारीख घालाच, नाहीतर ‘बाबा घरी आले’ आधी वाचलं जातं आणि ‘बाबांना दवाखान्यात ठेवलंय’ नंतर! तातडीच्या निरोपाला पत्र कामाचं नाही. जहाज कधी, कुठे लागणार हे मात्र पत्रातही नको आणि फॅमिली ग्रुपवर तर मुळीच नको.