साउथ डकोटातली शेलवरची चिकण माती आणि आपली काळी माती एकच का?

तुम्ही विचारलंय की इथं अमेरिकेत, साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीच्या पूर्वेला गवताळ जागा घेतली, खणून बघितलं तर वर करडी काळपट चिकट माती, दोनेक फुटांवर पापुद्रे सुटणारा राखाडी दगड, आणि ऑगस्टात हात जाईल एवढ्या भेगा, तर ही आपली कापसाची काळी जमीनच आहे का आणि हिच्यात काय लावावं. मी मूळचा परभणीकडचा, घरी कोरडवाहू शेती, आणि इथं अकरा वर्षं बांधकामाआधी माती तपासायच्या कामात आहे, म्हणजे दोन्ही माती हाताखालून गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वागायला दोघी सख्ख्या बहिणी, पण जन्म वेगळा. आपल्याकडची काळी माती बेसाल्टपासून झाली, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून. त्या कठीण दगडात चिकणमाती नव्हती, हवापाण्यानं दगडातली खनिजं कुजत कुजत त्यांची चिकणमाती झाली, म्हणून आपल्याकडे विहीर खणताना काळीखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण असं लागत जातं. इथं तसं नाही. तुमच्याकडे जो राखाडी दगड लागलाय तो शेल, आणि शेल म्हणजे मुळातच दाबला गेलेला चिखल. सात-आठ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या मधोमध आर्क्टिकपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत समुद्र पसरलेला होता, त्याच्या तळाचा हा गाळ. ह्या थराला पीअर शेल म्हणतात, फोर्ट पीअर ह्या जुन्या ठाण्यावरून, १८६२ मध्ये मीक आणि हेडन ह्या दोघा भूगर्भतज्ज्ञांनी ते नाव दिलं (स्पेलिंग बघून आपण पियरे म्हणतो, इथले लोक पीअर म्हणतात, तेवढं लक्षात ठेवा). पश्चिमेकडच्या ज्वालामुखींची राख त्या समुद्रात पडत होती, तिचे पांढरट पट्टे शेलमध्ये दिसतात, तेच बेंटोनाइट, पाणी लागलं की साबणासारखं बुळबुळीत.

म्हणजे इथल्या मातीला चिकणमाती नव्यानं घडवावी लागलीच नाही, ती दगडातून आयती आली. पाऊस, हिवाळ्यातलं गोठणं, गवताची मुळं ह्यांनी फक्त दगड सैल केला. घरी करून बघा, शेलचा वाळलेला तुकडा बादलीभर पाण्यात टाकून ठेवा, सकाळपर्यंत त्याचा बराचसा चिखल झालेला असेल. ताजा बेसाल्ट आयुष्यभर पाण्यात ठेवला तरी तसा होणार नाही. मला पहिल्यांदा हे कुणी दाखवलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या बादलीकडे बघत बसलो होतो, कोट्यवधी वर्षं दगड होऊन पडलेला चिखल एका रात्रीत परत चिखल!

आता मातीच्या स्वभावाबद्दल. हिच्यात वजनानं निम्मी किंवा त्याहून जास्त चिकणमाती असते, आणि तीही शेतीच्या पुस्तकात आपण मॉन्टमोरिलोनाइट म्हणून वाचलंय त्याच घराण्यातली. तिचे पातळ थर पानांसारखे एकावर एक, त्यांच्या मधे पाणी शिरलं की थर लांब सरकतात, माती फुगते, वाळली की आकसते. एका ग्रॅममधल्या सगळ्या थरांचा पृष्ठभाग मोजला तर ७०० चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणून ही माती पाणी धरून ठेवते, पण इतकं घट्ट धरते की त्यातलं बरंचसं पाणी झाडाला ओढून घेताच येत नाही. नवीन माणसाचा घोळ इथंच होतो. हाताला माती ओलसर लागते आणि रोप सुकत असतं.

दुसरी गोष्ट पाणी मुरण्याची. कोरड्या भेगाळ जमिनीवर पाऊस पडला की पहिलं पाणी भेगांतून सरसर खाली जातं, मग माती फुगून भेगा मिटतात आणि त्यानंतर पाणी जवळजवळ मुरतच नाही, नुसतं वाहून जातं. इथं वर्षाला ४० सेंमीच्या आगेमागे पाऊस, त्यातला मोठा वाटा मे-जूनमध्ये, आणि त्यातला किती मुळांपर्यंत पोचतो ह्यावर सगळं अवलंबून. खड्डा खणलात तर भिंतीत तिरकस, घासून चकचकीत झालेले मातीचे तुकडे दिसतील, फुगलेली माती स्वतःवरच घसरते त्याच्या त्या खुणा, आपल्याकडेही काळीत खोल खणलं की तशाच दिसतात. एक फरक मात्र थंडीचा आहे. इथं हिवाळ्यात माती गोठते-वितळते, गोठते-वितळते, त्यामुळे वसंतात वरची दोन बोटं माती छान रवाळ होते, ढेकळं आपोआप फुटतात. आपल्याकडे ते काम उन्हाळ्यात नांगरट तापल्यावर होतं.

जागेच्या उताराप्रमाणे हिचे प्रकार आहेत, आपण हलकी, मध्यम, भारी म्हणतो ना, तसंच. टेकडीच्या माथ्यावर आणि तीव्र उतारावर वीतभर मातीखाली लगेच शेल, तिला इथल्या मातीच्या नकाशात सॅमसिल म्हणतात. मधल्या उतारावर दोन-तीन फुटांवर शेल, ती पीअर. पायथ्याला माती वाहून येऊन खोल झालेली, ती काइल. तुमचं वर्णन ऐकून तुमची बहुतेक मधली, पीअर. रंग आपल्यासारखा गडद काळा नसतो, करडा-हिरवट तपकिरी असतो, तो बराचसा शेलचाच उतरलाय. खाली चुनखडी असते आणि जिप्समचे काचेसारखे चमकणारे खडे असतात, मुलांना वेचायला आवडतात.

ओली झाल्यावर ह्या मातीला इथले लोक गम्बो म्हणतात. पाऊस पडला की कच्च्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, मागे हटून माती सुकेपर्यंत थांबायचं, हे कुणी रँचवाला सांगेल तर ऐका. आपण वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाही, तोच नियम. ओलीत फिरलात तर माती दाबली जाऊन विटेसारखी होते आणि पुढची कित्येक वर्षं तिथं गवत नीट येत नाही.

मग काय लावावं? मला विचाराल तर बहुतेक जागा गवतालाच ठेवा. तुमच्या जमिनीवर आत्ता जे निळसर राखाडी, ताठ पात्याचं गवत दिसतंय ते बहुधा वेस्टर्न व्हीटग्रास, त्याच्या जोडीला ग्रीन नीडलग्रास. व्हीटग्रास जमिनीखाली आडवे धुमारे सोडत पसरतं, माती फुगली-आकसली, मुळं तुटली तरी त्याचं अडत नाही, आणि ते पाणी लवकर, वसंतात, माती ओली असतानाच वापरून घेतं. झाडांना हे जमत नाही म्हणून इथं झाडं फक्त ओढ्याकाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारनं ३२० एकरांचे तुकडे वाटले, लोकांनी हे गवत उलथून गहू पेरला, १९३० च्या दुष्काळात ती शेती बसली, माणसं घरं सोडून गेली. मग सरकारनं ती जमीन परत विकत घेतली, तुमच्याजवळचं बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड हे त्यातूनच आलंय. रिकामी पडलेली ती जुनी घरं मी बघतो तेव्हा मला आपल्याकडची कर्जबाजारी गावं आठवतात, दरवेळी आठवतात. जमीन वाईट नव्हती हो, तिच्याकडून भलतंच मागितलं गेलं.

भाजीपाल्यासाठी जमिनीवर लाकडी चौकटी करून बाहेरची माती आणि कंपोस्ट भरा. चिकण मातीत थोडी वाळू मिसळायचा सल्ला कुणी दिला तर करू नका, थोड्या वाळूनं ती सुधारत नाही, उलट घट्ट बसते. चौकटी घराच्या भिंतीला चिकटून नको, एका बाजूला रोज पाणी आणि दुसरी बाजू कोरडी असं झालं की पाया एकीकडून उचलला जातो, हे मी कामात पुन्हा पुन्हा बघितलंय. छपराचं पाणीही लांब सोडा. आणि भेगांसाठी आपली कोळपणी इथंही चालते, वरचे दोन-तीन इंच हलवून भुसभुशीत ठेवले की भेगा बुजतात, ओल टिकते, शिवाय वर वाळक्या गवताचं आच्छादन द्या.

गुरं-घोडे पाळणार असाल तर मात्र हे नीट वाचा. पीअर शेलमध्ये सेलेनियम असतं, म्हणजे जास्त पोटात गेलं की जनावरांना विषारी ठरणारं मूलद्रव्य, आणि काही झाडं ते ओढून साठवतात, उदाहरणार्थ प्रिन्सेस प्लूम, पिवळ्या तुऱ्यांचं उंच झाड, आणि दोन खाचांच्या शेंगांचं मिल्कव्हेच. १८५६ मध्ये फोर्ट रँडलला लष्कराच्या घोड्यांची आयाळ-शेपटीचे केस गळाले, खूर फुटले, तिथल्या डॉक्टर मॅडिसननं ते लिहून ठेवलंय. लोक बरीच वर्षं खाऱ्या पाण्याला दोष देत राहिले, अल्कली रोग म्हणायचे, खरं कारण सेलेनियम हे १९३० च्या दशकात कळलं. तळ्याच्या पाण्यातही दुष्काळात सल्फेट वाढतं, त्यानंही गुरं दगावतात. ह्या मातीचा बांध घातला की पाणी झिरपत नाही, म्हणून तळी इथं सोपी, पण तेच पाणी उन्हाळ्यात आटून आटून कडक होतं. त्यामुळे जनावर आणायच्या आधी गवताचा आणि तळ्याच्या पाण्याचा नमुना लॅबला द्या, आणि दिलेल्या पाण्याची पुन्हा एक टेस्ट जुलैअखेर करा, कारण मे महिन्यातला चांगला रिपोर्ट ऑगस्टात कामाचा नसतो.