दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीतल्या लग्नाआधी घराचं काम उरकेल का? (सोलापूर)

तुमचा प्रश्न असा : सोलापुरात पेठेत 1980च्या दशकातलं स्लॅबचं घर, तळमजला आणि वर एक मजला, खाली-वर एकेक संडास-बाथरूम, शहाबादी फरशी, जुनी वायरिंग, पावसात हॉलच्या कोपऱ्यात ओल. तुळशीच्या लग्नानंतर काम काढायचं, फेब्रुवारीच्या मध्यावर बहिणीचं लग्न, सगळं कुटुंब घरातच राहणार. आणि ठेकेदार म्हणतोय, "दीड महिन्यात होतंय की ओ साहेब."

होईल, पण दीड महिन्यात नाही. तीन महिने धरा, आणि त्याआधीचा एक महिना फक्त ठरवण्यासाठी ठेवा.

मीही याच धंद्यातला आहे, सोलापुरात जुन्या घरांची कामं घेतो, म्हणून त्या दीड महिन्याचा हिशेब सांगू शकतो. ठेकेदार खोटं बोलत नाहीये. गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाला, रंगारी यांचे प्रत्यक्ष कामाचे दिवस जोडले की तेवढेच येतात. कोब्यावर, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थरावर, पाणी उभं ठेवायचे दिवस, गिलावा वाळायचे दिवस, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करणारा माप नेऊन गायब होतो ते दिवस त्या बेरजेत नसतात. त्याच्या मजुरीत ते बसत नाहीत, म्हणून त्याच्या तोंडीही येत नाहीत. ते तुम्हालाच मोजावे लागतात.

सोलापुरात सगळ्यात आधी मोजायचं ते पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात कामाची वही पाण्याच्या दिवसापासून सुरू करा. मेन लाइन तोडायची असेल, हौद उपसून आतून दुरुस्त करायचा असेल, तर ते पाणी येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे पुढच्या पाण्यापर्यंत मध्ये सुटे दिवस मिळतात. आदल्या दिवशी लाइन तोडली आणि प्लंबर आला नाही, तर अख्खा आठवडा घागरी आणि टँकर. गिलाव्याला, कोब्याला पाणी लागतं ते वेगळंच. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि हल्ली सगळीकडे मिळतं त्या फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल टिकली पाहिजे. तेवढ्या पाण्याची सोय आधीच बघून ठेवा. बोअरचं पाणी खारट असेल तर ते सिमेंट कालवायला वापरू नका. आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम घरातल्या एका माणसाच्या नावावर लिहा. 'सगळे मिळून बघू' म्हटलं की भिंत कोरडी राहते.

आता तारखा, पण उलट्या बाजूने. लग्न 15 फेब्रुवारीच्या आसपास धरू. पाहुणे, हळद, मांडव यांच्यासाठी घर 5 तारखेला मोकळं हवं. म्हणजे रंगाचा शेवटचा हात आणि दिवे-नळ बसवणं जानेवारीअखेर. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांची यात्रा. अक्षता सोहळ्यापासून पुढचे चार-पाच दिवस कामावर कोण येईल ते धरूच नका, आलं तर फायदा समजा. नंतरही संध्याकाळी निम्मी माणसं गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेत. नव्या गिलाव्यावर पुट्टी-रंग चढवायचा तर मध्ये साधारण चार आठवडे जायला हवेत, नाहीतर पोपडे सुटतात. थोडक्यात, गिलाव्याचं काम वरच्या मजल्यावर नोव्हेंबरअखेर आणि खाली नाताळच्या आत संपलंच पाहिजे. बाकी तारखा थोड्या सरकल्या तरी चालतील, या दोन सरकल्या तर लग्नात ओल्या भिंती दिसतील.

म्हणून तोडफोड नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू व्हायला हवी. त्यात अडचण अशी की गावाकडे गेलेले मजूर दिवाळी संपली की लगेच परतत नाहीत, आणि त्याच सुमारास साखर कारखाने सुरू होऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्या उसाला लागतात. वाळू, विटा, राडारोड्याची गाडी यांचं बोलणं दिवाळीआधीच करून ठेवा. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे दिवाळीला बाजारात मागच्या हंगामाचाच माल असतो. तुम्हाला विटा फारशा लागणार नाहीत, पण ज्या लागतील त्या आधी आणून रचून ठेवा.

कामाचा क्रम वरून खाली. पहिलं काम गच्चीचं. हॉलच्या कोपऱ्यातली ओल आतून कितीही केमिकल फासलं तरी जात नाही. वरचा जुना थर काढून, उतार नीट देऊन कोबा करा, पन्हाळीचं तोंड मोठं करा. नोव्हेंबरात हे केलं की खालचं छत जानेवारीपर्यंत वाळतं. आपल्याकडे मोठा पाऊस बहुतेक सप्टेंबरात येतो, म्हणजे कामाची खरी परीक्षा लग्नानंतर सात महिन्यांनी. ठेकेदाराकडून गच्चीची हमी लेखी घ्या, आणि तीत पुढचा पूर्ण पावसाळा येऊ द्या.

मग वरचं बाथरूम. ते पूर्ण वापरात येईपर्यंत खालच्याला घणाचा एक घावसुद्धा घालू द्यायचा नाही. ठेकेदार दोन्ही एकदम फोडायला बघेल, कारण प्लंबरचे हेलपाटे वाचतात. त्याचे वाचतात, तुमच्या घरच्यांना शेजाऱ्यांचं दार वाजवावं लागतं.

बाथरूमच्या बाबतीत एक चाचणी स्वतः उभं राहून करून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर वाळला की जाळीचं तोंड चिंधी-प्लास्टिकने घट्ट बुजवून आत चार बोटं पाणी भरायचं, पाण्याच्या रेषेवर भिंतीला पेन्सिलने खूण करायची आणि 48 तास तसंच सोडायचं. उन्हापासून झाकलेलं असेल तर पातळी किंचितच उतरते. खूण आणि पाणी यांत बोटभर अंतर दिसलं, किंवा खालच्या छताला गडद डाग उठला, तर फरशीवाल्याला परत पाठवा. दोन दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात आणि ठेकेदारही कुरकुरतो. पण टाइल्स बसल्यावर गळती शोधायची म्हणजे पुन्हा सगळं फोडणं आलं. उतारही तेव्हाच बघा, मीटरला किमान 1 सेंटिमीटर हवा. फरशी बसल्यावर एक बादली ओता. पाणी कोपऱ्यात थबकलं तर गवंड्याचे पैसे चुकते करायच्या आधी बोला.

वायरिंग आणि पाइप भिंतीत जायच्या आधीचा आठवडा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे एकाच घरात गवंडी कन्नड बोलतो, वायरमन तेलुगू आणि फरशीवाला हिंदी. तोंडी सांगितलेलं तिघांच्या डोक्यात तीन प्रकारे बसतं. त्यापेक्षा खडू घ्या आणि भिंतीवर खऱ्या मापात काढा. इथे बोर्ड, इथे गीझर, इथे वॉश बेसिन, इथे पलंगाचं डोकं. ओट्याच्या उंचीसाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच उभं करा, कोपर वाकवून हात कुठे येतो ते बघा आणि त्याच्या 10-15 सेंटिमीटर खाली रेघ मारा. कॅटलॉगमधलं माप बाजूला ठेवा. सोलर गीझर आज बसवायचा नसला तरी गच्चीपासून गरम पाण्याचा पाइप आत्ताच टाका, सोलापुरात आज ना उद्या तो बसणारच. वायर दिव्यांना 1.5, प्लगना 2.5, गीझर आणि एसीला 4 चौरस मिलिमीटर, शिवाय अर्थिंग नवं आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. एसी वाढणार असतील तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज तोडफोडीच्या आधीच टाका, तो आपल्या वेगाने सरकतो. गिलावा व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, टेपचे आकडे दिसतील असे. पुढे पडद्याचा रॉड ठोकताना हेच फोटो पाइप वाचवतात.

शहाबादीवरच टाइल्स चिकटवू का, असंही तुम्ही विचारलंय. चालतं, तोडफोड आणि धूळ दोन्ही वाचते. पण आधी सगळ्या खोल्यांत नाणं आपटत फिरा. जिथे पोकळ वाजेल तिथली फरशी उचलावीच लागेल. जमीन अर्धा ते पाऊण इंच वर येते, त्यामुळे दारं खालून कापावी लागतात आणि बाथरूमची जमीनही अशीच वर आली आणि उंबरा आहे तेवढाच राहिला तर पाणी खोलीत येतं. काढलेल्या चांगल्या शहाबाद्या विकू नका, अंगणात नाहीतर हौदाभोवती टाका. टाइल्स मोजून दहा टक्के जास्त घ्या, सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. महिन्याने चार टाइल्स आणायला गेलात की रंगाची छटा बदललेली असते.

भिंतीला तडे असतील तर पुट्टी भरायच्या आधी तडा जिवंत आहे की मेलेला ते तपासा. आपल्या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरची भिंत हलते. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. हे आजच करा, कारण याला महिने लागतात. काच तडकली तर रंगाऱ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. हॉल मोठा करायला मधली भिंत पाडायचा विचार असेल तरीही आधी तोच. खोली वाढवायची असेल तर महापालिकेची परवानगी लागेल, आणि मग फेब्रुवारीचं लग्न विसरून तारखा लावा. लग्नाआधी ती भानगड नको असं माझं स्पष्ट मत आहे.

स्वयंपाकघर शेवटी घ्या, पण ओटा डिसेंबरअखेर झालाच पाहिजे. ट्रॉलीवाला ओटा आणि टाइल्स झाल्याशिवाय माप घेत नाही आणि मापानंतर तीनेक आठवडे मागतो. तेवढे दिवस शेगडी वरच्या खोलीत. कडक भाकरी आणि शेंगा चटणीची सोय या गावात आहेच, उपाशी कोणी राहत नाही.

पैसे आठवड्याच्या हिशेबाने देऊ नका, टप्प्याने द्या. गच्ची झाली, वरचं बाथरूम पाण्याच्या चाचणीतून पास झालं, खालचा गिलावा संपला, असे. मजूर उचल मागतील. ती ठेकेदारामार्फतच जाऊ द्या, तुम्ही परस्पर दिलीत तर हिशेब दोन वह्यांत जातो आणि माणूस दुसऱ्याच साइटवर दिसतो. शेवटचे दहा टक्के नळ, दिवे, दारांच्या कड्या सगळं चालू झाल्यावर. अंदाजपत्रकाच्या वर पंधरा टक्के बाजूला ठेवा. जुनी भिंत फोडल्यावर आत काय निघेल ते कोणताच ठेकेदार सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

बाहेरचा रंग या यादीतून काढून टाका. मांडववाला येतो, भिंतीला दोऱ्या बांधतो, खिळे ठोकतो, शिड्या टेकवतो, आणि हळदीचे हात सगळीकडे लागतात. लग्नाला दर्शनी भिंतीवर प्रायमर आणि एक हात पुरतो. उरलेला रंग मार्चमध्ये, ऊन भाजायला लागायच्या आत मारा. तेव्हा रंगारीही मोकळे असतात आणि दरात घासाघीस करायला वाव मिळतो.