'केमिकल-फ्री' सीरम आणि बाटलीमागची बारीक अक्षरं

प्रश्न : पुतणीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून १,४९९ रुपयांचं फेस सीरम मागवलं. बाटलीवर '१०० टक्के केमिकल-फ्री', 'डर्मेटोलॉजिकली टेस्टेड', 'संवेदनशील त्वचेसाठीही सुरक्षित' असं छापलंय. तिसऱ्या दिवशी गाल लालबुंद, नुसती आग. लग्नात तोंड लपवत फिरले. कंपनी म्हणते, पॅच टेस्ट (आधी थोडंसं हातावर लावून बघणं) करा असं लिहिलं होतं, तुम्ही केली नाहीत. उघडलेल्या मालाचे पैसे परत नाहीत, पण तपासणीसाठी बाटली पाठवा. आणि दावा करायचाच तर गुरुग्रामच्या कोर्टात. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, बाटली पाठवू नका. ती हातची गेली की अर्धी केस गेली. माल सदोष आहे का हे तपासणीशिवाय कळत नसेल, तर ग्राहक आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तेव्हा उरलेलं सीरम, खोकं, बिल जपून ठेवा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आजच काढा; तक्रारीचा वास लागला की अशा जाहिराती रातोरात गायब होतात.

आता शब्दांकडे वळू. 'केमिकल-फ्री' असं काही नसतंच, पाणीसुद्धा रसायनच आहे. पण आयोगापुढे हे तत्त्वज्ञान नको. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बाटलीच्या मागे, भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत, फिनॉक्सिएथेनॉल, परफ्यूम, लिनालूल, लिमोनीन अशी यादी आहे. पहिलं टिकाऊपणासाठी, बाकीचे सुगंधाचे घटक, आणि लिनालूल-लिमोनीन हवेशी संयोग पावले की काहींच्या त्वचेला सोसत नाहीत. ते घालणं बेकायदा नाही. खोटं आहे ते पुढच्या बाजूचं वाक्य, आणि ते खोडणारा पुरावा कंपनीनंच मागच्या बाजूला छापून दिलाय! सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार लेबलवर दिशाभूल करणारा दावा करता येत नाही, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

'डर्मेटोलॉजिकली टेस्टेड'मध्ये फक्त चाचणी झाली एवढंच म्हटलंय. किती जणांवर, निकाल काय, याचा पत्ता नाही. तक्रारीआधी कंपनीला लेखी नोटीस पाठवा आणि तिच्यात चाचणीचा अहवाल मागा. दिला नाही, तर ते मौन तुमच्याच कामी येईल. 'ग्लो', 'तेज' असल्या शब्दांच्या मागे मात्र लागू नका. ती विक्रेत्याची बढाई, मोजायची कशी?

पॅच टेस्टचा मुद्दा अगदीच फुसका नाही. कंपनी त्यावरच लढेल. आपलं उत्तर असं, की समोर ठळक 'संवेदनशील त्वचेसाठीही सुरक्षित' म्हणायचं आणि मागे बारीक टाइपात हात झटकायचे, हे चालत नाही. जाहिरातीतला ठळक दावा तळटिपेनं फिरवता येत नाही, असं २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. शिवाय दिलेल्या हमीप्रमाणे माल नसेल आणि त्यातून इजा झाली, तर 'आमचा निष्काळजीपणा नव्हता' म्हणून उत्पादक सुटत नाही.

तुमची कच्ची बाजू वेगळीच आहे. तुम्ही मेडिकलमधून मलम आणून लावलंत, डॉक्टरांकडे गेला नाहीत. सीरममुळेच त्रास झाला हे दाखवायला त्वचारोगतज्ज्ञाचा तारीख घातलेला कागद लागतो. अजून डाग असतील तर उद्याच जा, बाटली बरोबर न्या, उत्पादनाचं नाव केसपेपरवर लिहून घ्या.

गुरुग्रामचं विसरा. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ कंपन्या तिथंच नमतात. बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक नसेल तर अन्न व औषध प्रशासनालाही कळवा.

किती मिळेल? सीरमचे पैसे, डॉक्टरांचं बिल, मनस्तापाचे काही हजार, खर्च. दिल्लीत एकानं २०१३ मध्ये ७९ रुपयांची गोरेपणाची क्रीम घेतली होती. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा आयोगानं कंपनीला दंडात्मक भरपाईपोटी साडेचौदा लाख भरायला सांगितले, पण ते ग्राहक कल्याण निधीत. तक्रारदाराच्या वाट्याला पन्नास हजार आणि दहा हजार खर्चाचे. मधली अकरा वर्षं धरून हिशेब करा, आणि नोटिशीला उत्तर म्हणून कंपनीनं बऱ्यापैकी रक्कम देऊ केली, तर सही करण्याआधी मला एकदा कागद दाखवा.